नाताळ पंचवीस तारखेच्या अलीकडे असतो

नोकरीने मला गोवा, दुबई आणि जर्मनी अशी घरं बदलायला लावली. शेजारी बदलले, तसा दरवेळी नाताळही निराळा भेटला. त्यातून हाती लागलेलं हे थोडंसं.

१. शुभेच्छा देण्याआधी तारीख विचारावी.
जर्मन घरांत झाडाखालच्या भेटी उघडतात त्या २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. २५ आणि २६ या नातेवाइकांकडे जाण्याच्या सुट्ट्या. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळ तर ७ जानेवारीला. माझी तिथली एक सहकारी ऑफिसच्या डिसेंबरातल्या पार्टीत केकला हात लावायची नाही. तिचा ४३ दिवसांचा उपास चालू असायचा. मांस, दूध, अंडी सगळं बंद.

२. सण कळायचा तर उपासाचं ताट पाहावं.
पोलंडमध्ये २४ तारखेला आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. मांस वर्ज्य, मासे चालतात. रीतीप्रमाणे पदार्थ बारा. त्यात बीटाचं सूप हवं, कार्प मासा हवा. त्याआधी प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातल्या पातळ पांढऱ्या पापडीचा तुकडा मोडून घेतो आणि त्याचं भलं चिंततो. टेबलावरच्या कापडाखाली गवत पसरलेलं असतं, कारण बाळ येशू गव्हाणीत जन्मला. न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. मी आमंत्रणावरून गेले होते, त्यामुळे ते ताट शेवटपर्यंत तसंच राहिलं. कुणी उचललं नाही.

३. वेळ बदलली म्हणून परंपरा खोटी ठरवू नये.
फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे सलग नऊ दिवस पहाटेची मिस्सा असते. शेतकऱ्यांना उन्हाआधी कामाला लागता यावं म्हणून पहाट, असं सांगतात. दुबईतल्या फिलिपिनो मैत्रिणी मात्र ड्युटी संपवून संध्याकाळच्या मिस्सेला जायच्या. कामाच्या वेळा सांभाळून प्रार्थना, हे दोन्हीकडे सारखंच.

४. दूध-पाव आधी भरून ठेवावा.
जर्मनीत २४ तारखेला दुपारीच दुकानं बंद होतात, ती पुढचे दोन दिवस उघडत नाहीत. पहिल्या वर्षी ही गैरसोय वाटते. नंतर कळतं, दुकानातली मुलगीही त्या संध्याकाळी तिच्या आईच्या हातचं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खात असते.

५. आलेलं ताट रिकामं परत जाऊ देऊ नये.
गोव्यात चतुर्थीला आमच्या नेवऱ्या शेजारी जायच्या, नाताळात त्यांच्या आमच्याकडे यायच्या. सोबत कुलकुलं, बेबिंक, दोदोल. कुणाची नेवरी जास्त खुसखुशीत, हा वाद दोन्ही घरांत आवडीने चालायचा.

६. पाहुणा म्हणून बसू नये, काम मागावं.
तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ कढईत आळेपर्यंत दोदोल तासन्‌तास ढवळावं लागतं. एकट्या माणसाचा हात भरून येतो, म्हणून पाळ्या लागतात, आणि पाळीची वाट पाहणारे बोलत बसतात. घरातल्या जुन्या गोष्टी, कोण परदेशाहून येणार, कोण या वर्षी नाही, हे सगळं मी त्या कढईपाशी ऐकलं. २५ तारखेला दिवाणखान्यात वाइन आणि केक मिळतो. माणसं मिळतात आठवडाभर आधी, स्वयंपाकघरात. तेव्हा जमल्यास त्या आठवड्यात जावं, आणि कढईजवळ गेल्यावर पहिली पाळी आपण घ्यावी.