पेंग, सर्दीची गोळी आणि मेंदूतील हिस्टामाईन

अंगुत्तर निकायात एक बोधप्रद प्रसंग आहे. मगधातील कल्लवालमुत्त गावी ध्यानस्थ बसलेल्या मोग्गल्लानांना पेंग येत होती. तथागतांनी त्यांना दूषण दिले नाही. डोळे पाण्याने धुणे, चंक्रमण करणे असे उपाय एकामागून एक सांगितले आणि तरीही पेंग न गेल्यास स्मृती जागी ठेवून उजव्या कुशीवर निजण्यास सांगितले. थीनमिद्ध हे नीवरण खरे. परंतु त्यावर उपाय असतो, ही त्यातील शिकवण.

गगनबावड्याच्या अतिवृष्टीत वसतिगृहातील मुलांना सर्दी-पडसे नित्याचेच. गोळी घेतलेला विद्यार्थी तासाला पेंगू लागला की 'आळशी' हा शब्द चटकन उच्चारला जातो. येथे विज्ञान काय सांगते?

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे ६४ हजार चेतापेशी हिस्टामाईन तयार करतात. त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. हिस्टामाईन ज्या प्रथिनांवर जाऊन बसते, त्यांना ग्राही म्हणतात. 'एच-१' ग्राही मेंदूला जागे ठेवतो. नाकातील याच ग्राहीमुळे शिंका येतात व नाक वाहते. क्लोरफेनिरामाईनसारखी जुनी औषधे शिंका थांबवतात, पण मेंदूतही शिरून जागेपणाचा ग्राही अडवतात. सेटिरिझिन मेंदूत कमी शिरते. फेक्सोफेनाडिन जवळजवळ शिरतच नाही.

'एच-३' ग्राही हिस्टामाईनच्या स्रवणास लगाम घालतो. दिवसा अनावर झोप येणाऱ्या नार्कोलेप्सी या विकारावर हा लगाम सैल करणारे पिटोलिसँट हे औषध युरोपात २०१६ साली मान्य झाले. म्हणजे अनावर झोप हाही मेंदूचा विकार असू शकतो. तो मुलाचा स्वभावदोष नव्हे.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. क्लोरफेनिरामाईन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, असा इशारा औषधावर छापण्याचे निर्देश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. तसेच ज्या मुलाला फिट येते, त्याला सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. जुन्या औषधांनी झटक्यांचा धोका वाढू शकतो.

'यांच्या डोक्यात शिरत नाही' असे ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले, त्या आम्ही तरी पेंगणाऱ्या लेकराला नाव ठेवण्याआधी विचारावे : रात्री झोप झाली का? सकाळी कोणती गोळी घेतलीस? आणि गोळी न घेताही रोज अशीच पेंग येत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे.