दाण्यात लपलेली कीड आणि क्ष-किरण प्रतिमेची गुणवत्ता

सोंडकिड्याची मादी दाण्यास बारीक छिद्र पाडून त्यात अंडे घालते व छिद्र बुजवून टाकते. अळी आणि कोष या अवस्था दाण्याच्या आतच पूर्ण होत असल्याने बाहेरून निर्दोष भासणाऱ्या बियाण्यातून काही आठवड्यांनी किडे बाहेर पडतात. दाणा न फोडता ही कीड ओळखण्यासाठी गव्हावर क्ष-किरणांचा उपयोग अमेरिकेत १९५० मध्येच मांडला गेला. आंब्याच्या कोयीतील भुंग्यासाठी तसे काम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाले आहे.

तथापि, सदोष प्रतिमा ही प्रतिमा नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्या आधारे किडका साठा निर्दोष म्हणून पुढे जातो. पशुवैद्यकीय दवाखान्यातील यंत्र बियाण्यासाठी वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ते जनावरांच्या हाडांसाठी घडविलेले असते. त्याचे किरण दाण्यातून सहज आरपार जातात व पोकळी आणि गर यांतील छटांचा फरक पुसला जातो. दाण्यासाठी साधारणतः ३० किलोव्होल्टपेक्षा कमी दाब लागतो. मात्रा अपुरी पडल्यास प्रतिमा रवाळ येते. मुळात न नोंदला गेलेला तपशील संगणकावर उजळपणा वाढवून परत मिळत नाही.

दाणे एकाच थरात, एकमेकांस न चिकटता, थेट फिल्मवर अथवा संवेदकावर मांडावेत. अंतर वाढले की कडा धूसर होतात.

वाचनातील खरी अडचण कडधान्यांत येते. फिल्मवर पोकळी गडद दिसते व तीत अळी असल्यास ती फिकट उमटते. मात्र तूर, हरभरा यांच्या दोन डाळींमधील नैसर्गिक फटही गडदच दिसते. ही फट सरळ व अरुंद असते, तर अळीने पोखरलेली पोकळी गोलसर आणि अनियमित असते. शंका आल्यास दाणा कुशीवर वळवून दुसरी प्रतिमा घ्यावी.

गुणवत्ता पडताळण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग साधाच आहे. प्रत्येक प्रतिमेत खात्रीने किडके व खात्रीने निरोगी असे काही दाणे क्रमांक देऊन ठेवावेत. किडके दाणे ओळखता आले नाहीत, तर ती प्रतिमा रद्द समजावी. वाचनानंतर संशयित दाण्यांसोबत निर्दोष ठरविलेले काही दाणेही फोडून पाहावेत. हे दुसरे काम बहुधा टाळले जाते.

अंडी व नुकतीच उबलेली अळी उत्तम प्रतिमेतही सहसा दिसत नाही. म्हणून नमुना २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन आठवडे ठेवून त्याच क्रमाने पुन्हा प्रतिमा घ्यावी व त्यानंतरच साठ्याविषयी निर्णय द्यावा.