दाढदुखी आणि दिरंगाई

नवी मुंबईत तुर्भे येथे धान्य, भाजीपाला, कांदे-बटाटे यांचा मोठा घाऊक बाजार आहे. तेथे मालमोटारी येऊन उभ्या राहतात आणि माथाडी कामगार पाठीवर पोती वाहू लागतात. अशा एखाद्या कामगाराची कल्पना करा. थंड पाणी लागले की त्याच्या दाढेतून कळ जाते. घरची माणसे म्हणतात, "दवाखान्यात दाखवून या." तो म्हणतो, "उद्या जाईन." त्या उद्याला पुढे कितीतरी उद्या येऊन मिळतात. तो दाढेत लवंग धरतो, दुसऱ्या बाजूने घास चावतो आणि कामावर जातो. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो. दुखणे गेले, असे त्याला वाटते. पुढे एके रात्री गाल सुजतो, ताप भरतो, तोंड उघडेनासे होते आणि चार दिवसांची मजुरी बुडते.

हा मनुष्य आळशी नाही, भित्राही नाही. जड पोते लीलया उचलणारा हा गडी दंतवैद्याच्या खुर्चीपासून दूर का राहतो? त्याची कारणे तीन: खर्च, भीती आणि अविश्वास.

प्रथम खर्चाचा विचार करू. दातावरचे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु तोंडातील सूक्ष्म जंतू गोड व पिठूळ अन्नकणांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने हे कवच विरघळू लागते. कवचाला संवेदना नसते. म्हणून किडीचा आरंभ दुखत नाही. कीड आतल्या थरात पोहोचली की थंड व गोड पदार्थ झोंबतात. त्याहून आत, जेथे नसा व रक्तवाहिन्या असतात तेथे ती शिरली, म्हणजे दाढ ठणकू लागते. शेवटी तो नाजूक भाग मरतो आणि ठणका थांबतो. पण ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे. जंतू मुळांतून हाडाकडे निघालेले असतात. आरंभीच खड्डा कोरून भरला, तर काम थोडक्यात भागते. उशीर झाल्यास मुळांतील नलिका साफ करून दाढेवर टोपी बसवावी लागते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पैसा वाचविण्यासाठी केलेली दिरंगाईच अखेर पैसा खाते.

गरिबाला वाट नाही, असेही नाही. नवी मुंबईच्या परिसरात नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे येथे दंतमहाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे वेळ अधिक लागतो. परंतु खर्च पुष्कळदा कमी येतो. मुंबईत शासनाचे दंतमहाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे.

दुसरे कारण भीती. एके काळी ती रास्त होती. दात उपटताना रोगी शुद्धीवर असे व वेदनेने ओरडे. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याला हे पाहवेना. 1844 साली त्याने ‘हसविणारा वायू’ हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. पुढच्या वर्षी बॉस्टन शहरात त्याचा जाहीर प्रयोग फसला आणि लोकांनी त्याची टर उडविली. परंतु 16 ऑक्टोबर 1846 रोजी त्याच शहरात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला वेदनेवाचून शस्त्रक्रिया सोसता येते, हे सिद्ध केले. ज्या खुर्चीला जग भीत होते, तिच्याजवळ उभ्या राहणाऱ्यांनीच साऱ्या शस्त्रक्रियेतील वेदना हलकी केली! आज तर सुईने तेवढीच जागा बधिर करता येते.

तिसरे कारण अविश्वास. वरची दाढ काढली की दृष्टी अधू होते, असे कित्येक जण मानतात. वास्तविक दृष्टीची नस निराळी आणि दातांच्या नसा निराळ्या. साफ केल्याने दात हलू लागतात, हाही भ्रमच. हिरड्यांशी साचलेले कीटण निघाले, की आधीपासूनच सैल असलेला दात उघडा पडतो, इतकेच. मात्र वैद्य आपल्याला फसवील, ही शंका आली तर ती मनात कुढत ठेवू नये. हा उपचार का हवा, न केल्यास काय होईल, दुसरा मार्ग कोणता आणि खर्च किती, हे रोग्याने मोकळेपणाने विचारावे. वैद्याची सरकारी नोंदणी आहे की नाही, तेही पाहावे. वाटल्यास दुसऱ्या वैद्याचा सल्ला घ्यावा. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी कोणताही दात पडलेला नसतो. म्हणून तिलाही दुधाचीच समजून घरचे लोक दुर्लक्ष करतात. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही. ज्या घरातील मुलगा वा मुलगी आरशात ही दाढ पाहून काळा ठिपका वेळीच ओळखते, त्या घरात "उद्या जाईन" या शब्दांना जागा उरत नाही. कदाचित तेच मूल एखाद्या सकाळी वडिलांचा हात धरून म्हणेल, "बाबा, आज जाऊ या."

स्वाध्याय

1. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असे का म्हणता येत नाही?
2. "दिरंगाईच अखेर पैसा खाते" हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
3. वेल्सचा प्रयोग फसला, तरी त्याचे श्रम व्यर्थ गेले काय? आपले मत लिहा.
4. दंतवैद्याला विचारावयाचे चार प्रश्न पाठात शोधा व आपल्या घरी वाचून दाखवा.