जर-तरची वाक्ये आणि शब्दांची घडण



‘पैसे असते तर घर घेतले असते’ हे मराठी वाक्य आजच्या अडचणीबद्दल असू शकते आणि दहा वर्षांपूर्वी हुकलेल्या संधीबद्दलही. काळ कोणता ते संदर्भ सांगतो, नाहीतर ‘आत्ता’, ‘तेव्हा’ असा एखादा शब्द सांगतो. क्रियापद आपले रूप बदलत नाही. मराठी व्याकरणात या रूपाला संकेतार्थ म्हणतात. इंग्रजीत इथे दोन वेगळी वाक्ये लागतात. आज पैसे नाहीत, तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस’. तेव्हा नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस’. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची गल्लत बहुधा इथेच होते, आणि नियम पाठ असूनही होते. जो भेद मातृभाषेने कधी करायलाच लावला नाही, तो ऐन वेळी सुचत नाही.

पुस्तके या वाक्यांना शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देतात. ते क्रमांक परीक्षेपुरते ठेवावेत. वाक्य जुळवण्याआधी स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: गोष्ट घडण्यासारखी आहे की नुसती कल्पना आहे? आणि ती कोणत्या काळातली? पुढे घडण्यासारखी असेल तर ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ आणि दुसऱ्या बाजूला ‘विल’. आजची कल्पना असेल तर ‘इफ’कडे भूतकाळी रूप, समोर ‘वुड’. मागे होऊन गेलेल्या काळाची कल्पना असेल तर ‘हॅड’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप, समोर ‘वुड हॅव’. बर्फ तापवला की वितळतो, अशा कायमच्या सत्याला दोन्हीकडे वर्तमानकाळ पुरतो.

पहिल्या प्रकारातली अडचण नीट पाहावी. ‘उद्या पाऊस पडला तर आम्ही घरीच थांबू’ यातले ‘पडला’ दिसायला भूतकाळी, पण बोलणे उद्याचे. रूपावर जाणारा विद्यार्थी ‘इफ इट रेन्ड’ लिहितो, अर्थावर जाणारा ‘इफ इट विल रेन’. बरोबर आहे ते ‘इफ इट रेन्स’. तिसऱ्या प्रकारात फसवणूक वेगळी. ‘तू आला असतास तर मी थांबलो असतो’ यात दोन्ही अंगांना ‘असता’चीच रूपे येतात, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालावेसे वाटते. अमेरिकी बोलण्यात ‘इफ यू वुड हॅव कम’ ऐकू येते हे खरे, पण लेखनात आणि परीक्षेत ते चूकच धरले जाते. ‘वुड’ला ‘इफ’च्या बाजूला सहसा जागा नाही, एवढे हाताला वळण लागले तरी निम्म्या चुका जातात.

ऐकताना आणखी एक पेच पडतो. ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोन्हींचा बोलण्यात ‘आयड’ होतो. पुढचा शब्द पाहावा: ‘आयड गॉन’ म्हटले तर तो ‘हॅड’, ‘आयड गो’ म्हटले तर तो ‘वुड’.

शब्दांच्या घडणीत मात्र मराठीची मोठी मदत होते, आणि ती शाळेत फारशी कोणी दाखवत नाही याचे वाईट वाटते. मराठीत ‘सुंदर’पासून ‘सुंदरता’ होते, पण ‘वेडा’पासून ‘वेडता’ होत नाही. तिथे ‘वेडेपणा’च लागतो. ‘-ता’ संस्कृत शब्दांना चिकटते, ‘-पणा’ला मात्र देशी काय, संस्कृत काय, दोन्ही चालतात, ‘मूर्खपणा’ही होतो. इंग्रजीतही असेच आहे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रत्ययही आले. ‘-इटी’ हा लॅटिन घराण्याचा: ‘ॲक्टिव्हिटी’, ‘पॉसिबिलिटी’. ‘-नेस’ मूळचा इंग्रजी: ‘काइंडनेस’, ‘डार्कनेस’. शंका आली तर ‘-नेस’ लावून पाहावा, कारण तो ‘-पणा’सारखा कुठेही सामावतो. शिवाय त्याने शब्दावरचा आघात हलत नाही, ‘-इटी’ने बहुधा हलतो. ‘ॲक्टिव्ह’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘ॲक्टिव्हिटी’त दुसऱ्यावर.

नकाराच्या उपसर्गांचेही तसेच. संस्कृतातला ‘अ’ स्वरापुढे ‘अन्’ होतो, म्हणून ‘अयोग्य’ पण ‘अनुचित’. लॅटिन ‘इन’ही पुढचा वर्ण पाहून बदलतो: ‘इम्पॉसिबल’, ‘इलीगल’, ‘इरेग्युलर’. शेवटच्या दोहोंच्या स्पेलिंगमध्ये एल आणि आर दोनदा का येतात ते यावरून कळते. एक अक्षर उपसर्गाचे, एक शब्दाचे. काही जागी मात्र घोकण्यावाचून गत्यंतर नाही. ‘एबल’चे ‘अनेबल’, पण नाम ‘इनॅबिलिटी’. ‘डिसाइड’पासून ‘अनडिसायडेड’, पण ‘इनडिसायसिव्ह’. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारा. तिथला ‘इन’ नकाराचा नाहीच.

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत शब्दघडणीचा स्वतंत्र भाग असतो: आठ गाळलेल्या जागा, आणि प्रत्येकीसाठी दिलेला एक मूळ शब्द. शब्द दिसला की प्रत्यय लावत सुटू नये. आधी पूर्ण वाक्य वाचून तिथे नाम हवे की विशेषण हे ठरवावे, मग अर्थ नकारी आहे का ते पाहावे, कारण मार्क बहुतेक तिथेच जातात. अनेकवचनाचा एस शेवटी तपासावा.

सरावासाठी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची जुनी रीत आजही उत्तम आहे: मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे आणि इंग्रजीचे मराठी. जर-तरसाठी एकच मराठी वाक्य घेऊन त्याच्यापुढे ‘आज’ आणि ‘गेल्या वर्षी’ असे शब्द लावावेत आणि दोन्ही इंग्रजी वाक्ये एकाखाली एक लिहावीत. शब्दांसाठी रोज एक कुटुंब घ्यावे. ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘डिसायसिव्हली’ यांतल्या प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य लिहावे. नुसत्या याद्या पाठ करू नयेत. मग तीच वाक्ये मोठ्याने, आघात सांभाळून वाचावीत, आणि आघात कुठे याची शंका आली तर शब्दकोशातली खूण पाहावी.