बाहेरचं लाकडी फर्निचर : कमाई तयारीत आहे, कोटात नाही



बागेतला बाक, गॅलरीतला झोपाळा, होमस्टेच्या अंगणातली टेबलं. सीलिंगचं हे काम कमी भांडवलात सुरू होतं. पण एका पावसाळ्यात पापुद्रे निघाले, तर तोच ग्राहक चारचौघांत तुमचं नाव कसं घेईल?

पापुद्रे बहुतेक वेळा निघतात ते ओल्या किंवा नीट न घासलेल्या लाकडावर कोट मारल्यामुळे. म्हणून काम एप्रिल-मेमध्ये घ्या आणि हा क्रम पाळा :

१. सुटलेला जुना थर खरवडा. साबणाच्या पाण्याने धुवा. दोन-तीन दिवस खडखडीत वाळू द्या.

२. पॉलिश पेपर आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०. हात रेषांच्या दिशेनेच चालवा. धूळ पुसून घ्या.

३. सीलर बाहेरच्या वापराचा, यूव्ही संरक्षणवाला घ्या. घरातलं पॉलिश उन्हात टिकत नाही.

४. एक जाड कोट नको, तीन पातळ मारा. प्रत्येक कोट पूर्ण सुकू द्या.

५. पायांचे तळ आणि फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका. लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं.

अळशीचं तेल वापरलंत, तर तेलाच्या चिंध्यांचा ढीग करू नका, त्या आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.

आता दर. कोट मारायला तास, तयारीला दिवस! मजुरी तयारीचे दिवस धरूनच सांगा. आणि बिलावर लिहा : ‘दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी.’ पुढच्या वर्षीचं काम आजच ठरलं!