जिद्दीचा जवान

सैन्य म्हणताच बंदूकधारी शिपाई डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु बिघडलेली वाहने, तोफा व बिनतारी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांवाचून सैन्याचे पाऊल पुढे पडत नाही. भारतीय भूदलात हे काम 'ई. एम. ई.' या दलाकडे असते. मुरलीकांत पेटकर हे याच दलाचे जवान.

त्यांचा जन्म १९४४ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील पेठ या गावी झाला. सैन्यात त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळविले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतली. प्राण वाचले, पण कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध कायमचे सुटले.

उपचार म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले. पाय हलत नव्हते. सारा भार बाहूंवर होता. नित्य सरावाने त्यांनी ते बळकट केले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांग खेळाडूंची जागतिक स्पर्धा, म्हणजेच पॅरालिंपिक, भरली. तीत ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी विश्वविक्रम केला. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय.

पुढे पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी संसार चालविला. देशाने 'पद्मश्री' देऊन त्यांचा गौरव केला, तो २०१८ साली. पदकानंतर ४६ वर्षांनी! सन्मानास विलंब झाला, म्हणून पराक्रमाचे मोल उणे होत नाही. मात्र असा विलंब पुन्हा होऊ न देणे, हे आपले कर्तव्य आहे.

स्वाध्याय : कारागिरांवाचून सैन्य पुढे का जाऊ शकत नाही? तीन वाक्यांत लिहा.