‘ब्लडी’ ऐकावं, बोलू नये

लीड्सला निघालीस ना? गरम कपड्यांचं तुझी आई बघेल. मी एका शब्दाचं सांगतो.

आपल्याकडे ‘ब्लडी’ म्हणजे शिवीच. हिंदी सिनेमातले खलनायक ‘ब्लडी फूल’ म्हणत पिस्तूल काढायचे, तेच आपल्या कानात बसलंय. तिकडे बसस्टॉपवर कुणी म्हातारा ‘ब्लडी कोल्ड’ पुटपुटला तर दचकू नकोस, तो थंडीला बोलतोय. तुझा निबंध वाचून मैत्रीण ‘ब्लडी गुड’ म्हणाली तर सरळ थँक्यू म्हण. ओळखायची खूण अशी: शब्द काढून तिथे आपलं ‘जाम’ घालून बघ. जाम थंडी, जाम भारी. बसलं तर राग मानायचा नाही. ‘यू’ला चिकटून, नजरेला नजर देऊन आला, तर मात्र ती शिवीच. तिथून निघायचं.

स्वतः मात्र वापरू नकोस, निदान पहिलं वर्षभर तरी. घरमालकीण, प्राध्यापक, मुलाखत, ईमेल इथे तर कधीच नाही. उच्चार साहेबासारखा जमला म्हणजे सगळं खपतं, या भ्रमात राहू नये. पुलंची ‘ती फुलराणी’ ज्या नाटकावरून आली, त्या शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये गंमत हीच आहे. फुलवाली एलायझा बड्या लोकांच्या दिवाणखान्यात अगदी खानदानी उच्चारात बोलते, आणि जाता जाता त्याच उच्चारात हा शब्द टाकते! १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर तो ऐकून हशा आणि खळबळ दोन्ही उडाली. पुढे लोक थट्टेने ‘ब्लडी’च्या जागी ‘पिग्मॅलियन’ म्हणू लागले.

तो इतका ओंगळ कशाने झाला, हे नीट उलगडत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जोनाथन स्विफ्टसारखा धर्मोपदेशक मैत्रिणीला लिहिताना तो सहज वापरायचा, आणि १७५५च्या कोशात डॉ. जॉन्सननी त्याला ‘फार असभ्य’ ठरवलं. तो मेरीमातेच्या शपथेवरून आला, असं तिकडे कुणीतरी छातीठोकपणे सांगेलच. मान डोलाव, पण पुढे सांगत बसू नकोस. जाणकार ते मानत नाहीत. त्या काळी दंगेखोर उमरावजाद्यांना ‘ब्लड’ म्हणत, त्यांच्यासारखा झिंगलेला तो ‘ब्लडी ड्रंक’, हा तर्क मला जास्त पटतो. साधा रक्ताशी संबंध असेल, असंही काही म्हणतात.

अगदीच जीभ शिवशिवली तर ‘ब्लूमिंग’ म्हण. जुनाट वाटेल, लोक हसतील, पण दुखावणार कुणी नाही.

आणि सुट्टीत मेलबर्नच्या मावशीकडे गेलीस तर तिथली मोजपट्टी वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यटन संस्थेने २००६ साली जाहिरातीतच हा शब्द घातला होता. ब्रिटनच्या टीव्हीवर ती जाहिरात आधी अडवली गेली. मावशीची मुलं जेवताना दर वाक्याला तो म्हणतील. तू आपली भाजी वाढून घे.